भिंतींची विचारपूस

माझ्या साडूच्या थोरल्या भावाइतका इमारतींना जीव लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं आहे. असे दोघे असते तर आमच्याकडे एकही साखरपुडा धड पार पडला नसता. साडूच्या थोरल्या भावाला नेमकं काय म्हणायचं याची मराठीत सोय नाही. मी धुळ्यात देवपुरातल्या कॉलेजात जन्मभर मराठी शिकवलं, पण या नात्यापाशी आलं की भाषा हात टेकते. म्हणून सगळे म्हणतात तसं मीही त्यांना नाना म्हणतो. नाना बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ते निवृत्त झाले ते खात्याच्या दृष्टीने. त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने निवृत्तीनंतर त्यांची हद्द उलट वाढली, कारण आता कुठलीही इमारत तपासायला साहेबांची परवानगी लागत नव्हती.

तपासणीची त्यांची रीत ठरलेली. इमारतीत शिरण्याआधी तिला एक पूर्ण फेरी मारायची. मग आत जाऊन मधलं बोट मुडपून भिंतीवर तीनदा ठोकायचं, डोळे मिटायचे आणि भिंतीला कान लावायचा. डॉक्टर पेशंटला श्वास घ्यायला सांगतो तसं ते मधूनच भिंतीला ‘हं’ म्हणायचे. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही नरडाण्याला गेलो होतो. मुलाकडच्यांनी नवीन घर बांधलं होतं, वरपित्याने स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं. सुपारी फुटायच्या ऐन वेळी नाना उठले, वरपित्याच्या डोक्यामागच्या भिंतीला त्यांनी कान लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, “ही भीत पोकय शे.” नवी कोरी भिंत, आणि पोकळ! माझ्या भावाचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात आतून वरमाय हळदीच्या हाताने बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, “दोन वर्षांपासून मी यांना हेच सांगते आहे!” त्या क्षणापासून त्या बाईंचा आमच्या घराण्यावर असा काही विश्वास बसला, की लग्नात मानपानावरून एक शब्दही झाला नाही. मी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो तेव्हा नाना भेटायला आले, दवाखान्याला फेरी मारून आले, आणि भेटीचा सबंध तास मान वर करून छताकडे बघत बसले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. जाताना माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, बिनघोर राहा. स्लॅब उत्तम आहे.” बायको अजून सांगते की त्या चार दिवसांत तिला धीर देणारं तेवढं एकच वाक्य कोणी बोललं. नानांचं स्वतःचं घर मात्र तीन ठिकाणी गळतं. नानी मुकाट्याने पातेली मांडतात. त्याबद्दल विचारलं तर नाना म्हणतात, “घरच्या माणसाची तब्येत घरच्याने पाहू नये. हात कापतो.”

हे सगळं वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पांझरेच्या पुलावर आम्ही उभे होतो आणि ते पुलाचा कठडा उगाच चाचपत होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना जळगावातल्या एका जुन्या दुकानांच्या इमारतीचा अहवाल लिहायला पाठवलं होतं. दिवस उन्हाळ्याचे. नाना रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे राहिले, गिलाव्याच्या भेगा तिथूनच मोजल्या, दोन ग्लास रस प्यायले आणि तिथल्या तिथे लिहिलं, ‘धोकादायक. उतरवून घेणे योग्य.’ पुढे ती उतरवायला मजूर लागले तेव्हा पहारी वाकल्या, पण वीट विटेला सोडेना. दोन महिने लागले. नाना रोज संध्याकाळी जाऊन बघत उभे राहायचे. “ती पडायलाच तयार नव्हती, सर,” ते मला म्हणाले. “धडधाकट होती. मी तिला हातसुद्धा न लावता मारली. आणि माझा शेरा चुकला असं मी कुठेच लिहिलं नाही. नोकरी नवी होती.” त्या दिवसापासून हा माणूस एकाही भिंतीवरून हात न फिरवता पुढे गेलेला नाही. मला त्यांच्या बोट ठोकण्याचं हसू यायचं ते त्यानंतर फारसं आलं नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात रुईची पेढी आली. जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी ही दुमजली इमारत उभी आहे. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटा आणि चुना, मधे सात सागवानी तुळया, आणि त्या तुळयांवर वरच्या मजल्याची लांबलचक मोकळी फळ्यांची खोली. एके काळी या खोलीत कापसाचे नमुने मांडून त्याची प्रत ठरवायचे, म्हणून तिला उत्तरेकडे ओळीने मोठ्या खिडक्या आहेत. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, कापसाला खोटं रूप देत नाही. कापसाचा व्यापार तिथून हलल्याला कितीतरी वर्षं झाली होती. खाली कुलपं, वर कबुतरं आणि दारावर धोकादायक इमारतीची नोटीस. मालक तीन चुलत भावंडं. दोघांना जागा मोकळी करून विकायची होती. तिसऱ्या, जळगावच्या आक्का, निवृत्त मुख्याध्यापिका, अडून बसल्या. इमारत मजबूत करून घ्यायची, खाली दुकानं द्यायची आणि वरच्या खोलीत खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची असा त्यांचा बेत होता. शेवटी तिघांत ठरलं ते असं, की दुरुस्तीनंतर वरच्या मजल्यावर वजन ठेवून चाचणी घ्यायची. मजला टिकला तर पेढी राहील, वाकला तर जमीनदोस्त होईल. आक्कांनी इंजिनियर म्हणून भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली एक तरुण मुलगी नेमली, आणि देखरेखीला नानांना विचारलं. नानांनी मानधन घेणार नाही एवढी एकच अट घातली. मला म्हणाले, “एक मारली, सर. एक जगवून जातो.”

मग काम सुरू झालं आणि मीही रोज दुपारी तिकडे जायला लागलो. बायको म्हणायची, तुम्हाला तिथे काय कळतं? काही कळत नव्हतं, पण जीव रमत होता. नानांनी पहिलं फर्मान काढलं की जुन्या भिंतीला सिमेंट लागता कामा नये, चुन्याला चुनाच पाहिजे. चुन्याचं काम जाणणारे सलीमचाचा त्यांनी हुडकून आणले. चाचांची मुलं पीओपीची छतं करतात आणि बापाच्या कामाला म्युझियम म्हणतात. नाना आणि चाचा मिळून चुना असा मुरवत बसले की नानींनी जन्मात लोणचं इतक्या मायेने घातलं नसेल. चुन्यात कालवायच्या पाण्यात गूळ किती, मेथी किती, बेहडा कधी घालायचा यावर रोज वाद. चाचा म्हणायचे, “नाना, गूळ जादा हुआ तो चूना ढीला पडेगा, फिर मेरेको मत बोलना.” नाना पिंपात बोट बुडवून ते जिभेला लावायचे आणि विचारात पडायचे. गुळाच्या पाण्याची ही चार पिंपं बंद पेढीत आठवडाभर आंबत राहिली आणि त्यांचा वास गल्लीभर गेला. बंद इमारत, आत पिंपं, पिंपांत आंबलेला गूळ, आणि दुपारी ये-जा करणारे तीन म्हातारे! कोणीतरी काढायचं तेच अनुमान काढलं आणि एक हवालदार नाक वर करत आत आला. “आबा, या वयात हे धंदे?” तो नानांना म्हणाला. नानांनी राग न मानता त्याला हाताला धरून पिंपापाशी नेलं, मग भिंतीपाशी, मग जिन्याखाली, आणि चुना श्वास कसा घेतो ते सांगायला सुरुवात केली. पाऊण तासाने हवालदार टोपी काढून चुन्याच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला होता. त्याचे वडील गवंडी होते. वडिलांच्या हाताला असाच वास यायचा, असं तो म्हणाला आणि उठायचं नाव घेईना. शेवटी नानांनीच त्याला ड्यूटीची आठवण करून दिली.

दुपारी जेवणानंतर नाना वरच्या खोलीत फळ्यांवर सतरंजी टाकून आडवे व्हायचे. इमारतीत झोपल्याशिवाय ती कळत नाही असं त्यांचं मत होतं. मी शेजारी भिंतीला टेकून बसायचो. उत्तरेच्या खिडक्यांतून तो शांत, दुधी उजेड यायचा. खाली चाचा चुना घोटत असायचे आणि त्या एका लयीच्या आवाजाने डोळ्यांवर झापड यायची. फळ्यांच्या फटींतून अजून रुईचे तंतू निघायचे. वाऱ्याची झुळूक आली की एखादा तंतू वर उठायचा, खोलीभर संथपणे फिरायचा आणि कुठे उतरावं ते ठरत नसल्यासारखा नानांच्या छातीवर येऊन थांबायचा. नाना डोळे मिटून बोलत राहायचे. झोपेत की जागेपणी ते मला कधीच कळलं नाही. “त्या दुसऱ्या खिडकीपाशी शिंदखेड्याकडची एक पोरगी बसेल. सकाळच्या गाडीने येईल. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा. आई कापूस वेचायला जाते. पोरगी आधी गणिताला भिईल, मग एक दिवस भिणार नाही. तिच्या शेजारी मोहाडीचा एक मुलगा, त्याचं लक्ष पुस्तकात कमी. त्याला आक्का उठवून तिकडे कोपऱ्यात बसवतील.” मी विचारायचो, “पुढे काय होतं पोरीचं?” नाना म्हणायचे, “थांबा, अजून दिसलं नाही.” दुसऱ्या दिवशी ते तिथूनच पुढे सुरू करायचे. हळूहळू मलाही ती मुलं दिसायला लागली. जिना चढताना मी दुसऱ्या खिडकीकडे आधी बघायचो, आणि तिथे कोणी नाही म्हणून मला खरोखर वाईट वाटायचं. माझ्या उभ्या हयातीत मी इतका सुखी क्वचितच झालो असेन.

भिंती झाल्या, जोत्याच्या सांध्यांत चुना भरला, आणि गोष्ट तुळयांवर आली. नानांनी सातही तुळया ठोकून, कान लावून तपासल्या आणि सगळ्या ठणठणीत असल्याचं आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं. इंजिनियर मुलीला बारीक ड्रिलने प्रत्येक तुळईत छेद पाडून आतलं लाकूड बघायचं होतं. नाना भडकले. “सागाला भोकं पाडणार? मी काय इथे माशा मारायला बसलोय?” आक्कांना फोन झाला. आक्कांचा नानांवर भरवसा, त्या म्हणाल्या, नाना म्हणतात तर राहू द्या. वाळूच्या गोण्या आल्या, चाचणी सोमवारी ठरली. शनिवारी ती मुलगी मला बाहेर गाठून म्हणाली, “सर, एक विचारू? नाना तुळईला कान लावतात, पण मी मागून हाक मारली तर वळत नाहीत. खाली काल लोखंडी पाइप पडला. आम्ही सगळे दचकलो. नाना हललेसुद्धा नाहीत.” मी म्हणालो, त्यांची तंद्री लागते. ती म्हणाली, “त्या मजल्यावर मुलं बसणार आहेत, सर.”

मग मला एकेक आठवायला लागलं. गेल्या दोन वर्षांत नाना समोरासमोर बसल्याशिवाय बोलत नव्हते. फोन नानीच उचलायच्या. दुपारी मी विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर द्यायचे, पण डोळे उघडून, माझ्या तोंडाकडे बघून. भिंतींचं ऐकणारा माणूस बहिरा होत चालला होता आणि आम्ही सगळे त्याच्या तंद्रीचं कौतुक करत होतो. रविवारी सकाळी मी पेढीत गेलो. त्यांना कसं सांगायचं ते मनात घोकत दार ढकललं. नाना शिडीवर चढून एका तुळईला दोन्ही हातांनी कवटाळून उभे होते. कान टेकलेला नव्हता. कपाळ टेकलेलं होतं. मला बघून ते सावकाश खाली उतरले, शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि नेहमीची शुद्ध मराठी सोडून म्हणाले, “भाऊ, माले ऐकू येस नही.” मी समोरच्या गोणीवर बसलो. “दोन वरीस व्हयनात. आधी वाटे, लाकूडच बोलत नही. मंग समजनं, मना कान गयात. त्या पोरीले सांग, बठ्ठ्या सातही तुळयास्ले छेद पाड.” एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने उगाचच पुसत बसले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण मी ठेवला नाही, आणि ते मला अजून खुपतं.

मुलगी दुपारच्या गाडीने भुसावळहून आली. पहिल्या दोन तुळयांत ड्रिल कण्हत कण्हत गेलं, बाहेर पिवळा, वासाचा, अस्सल सागाचा भुसा पडला. तिसऱ्या तुळईला ड्रिल लावलं आणि ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. बाहेर नुसती माती. वाळवीने आतून अख्खी तुळई खाल्ली होती आणि वर बोटभर जाडीचं सुंदर साल ठेवलं होतं. ती तुळई बरोबर दुसऱ्या खिडकीखाली होती. चाचांनी कानांना हात लावला. कोणी नानांकडे बघेना. नानांनी त्या मुलीच्या हातातला कागद मागून घेतला, गोणीवर ठेवला आणि सावकाश लिहिलं, ‘तुळई क्रमांक तीन आतून पोकळ. माझा आधीचा शेरा चूक.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली. मग तिला म्हणाले, “माय, आता तू सांग, काय करायचं. मी कागद धरतो.” तिने त्या तुळईच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल लावून ते आरपार बोल्टांनी कसले, आणि बाकीच्या चारही तुळया तपासल्या. सिमेंटचं नाव काढलं तरी तांबडेलाल होणारे नाना ते लोखंड बसताना स्वतः शिडी धरून उभे होते. चाचणी आठवडाभर पुढे गेली. गोण्या चढल्या, एक दिवस एक रात्र तशाच राहिल्या, आणि खाली लावलेल्या मापाची सुई जेवढी हललेली चालणार होती त्याहून कमी हलली. जळगावहून आक्का आल्या होत्या. त्या खुर्चीवर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. पेढी वाचली. नाना मात्र सगळ्यांच्या मागे जिन्यात उभे होते. त्यांना आमचा आरडाओरडा ऐकू आला नसावा, पण आमचे चेहरे दिसले असणार.

अभ्यासिका सुरू होऊन आता वर्ष होत आलं. खाली एक मसाल्यांचं दुकान आहे, एक चष्म्यांचं, एक हातमागाचं. वर चाळीसेक मुलं बसतात आणि आक्कांच्या सक्त सूचनेवरून कोणीही अवाक्षर बोलत नाही. नाना रोज दुपारी येतात, शेवटच्या बाकावर पेपर उघडून बसतात. त्यांच्या मुलाने आणून दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी दोन दिवस लावलं. त्यातून नुसता गोंगाट येतो, असं म्हणाले. त्यांनी लोकांकडे जाणं जवळपास सोडलं आहे. लग्नकार्याला येत नाहीत, आणि कार्यं सुरळीत पार पडतात आणि बेचव होतात. पण इथे ते खुश असतात. मला एकदा कागदावर लिहून दाखवलं, ‘इठे बठ्ठा माझ्यासारखाच. कोणी बोलत नही.’

परवा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. खिडक्यांतून तोच उजेड येत होता. दुसऱ्या खिडकीपाशी बसलेली एक मुलगी पाणी प्यायला उठली आणि मधल्या फळ्यांवरून चालत माठाकडे गेली. नानांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडचं पेन घेतलं आणि पेपरच्या कडेला लिहिलं, ‘फळी वाजली का?’ मी लिहिलं, ‘हो.’ त्यांनी लिहिलं, ‘कशी?’ आणि पेन माझ्या हातात देऊन ते माझ्याकडे बघत राहिले. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस मी, पण मला शब्द सापडेना. करकर म्हणावं तर ती खोड होते, तक्रार होते. ती मुलगी पाणी पिऊन परत आली, जागेवर बसली, तिने पान उलटलं. नाना वाट बघत होते. शेवटी मी लिहिलं, ‘झोपेत माणूस कूस बदलतो आणि खाट वाजते, तशी.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेऊन खाली लिहिलं, ‘मंग ठीक शे,’ आणि डोळे मिटून मागे टेकले.